रायटर मोनाडमध्ये लिस्ट गोळा करताना वेळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो: डिफरन्स लिस्ट वापरावी की कोडेन्सिटी?

अक्षरगणक यांचा प्रश्न

मी हॅस्केल या फंक्शनल भाषेत एका लहानशा भाषेचा कंपायलर लिहीत आहे. अंकगणिती पदावलीचे झाड तयार झाल्यानंतर ते स्टॅक मशीनच्या निर्देशांमध्ये उतरवणे एवढेच या टप्प्याचे काम आहे. संख्या आली की एक 'पुश' निर्देश द्यायचा. बेरीज आली की आधी डाव्या फांदीचे निर्देश, मग उजव्या फांदीचे आणि शेवटी एक 'ॲड' द्यायचा. हे निर्देश गोळा करण्यासाठी मी लिस्टवर आधारलेला रायटर मोनाड (पायऱ्या एकामागून एक जोडत सोबत नोंदी गोळा करणारी रचना; 'टेल' ने नोंदीत भर पडते) वापरला आहे. कोडचा गाभा खाली दिला आहे. वाचायला सोपे जावे म्हणून नावे देवनागरीत लिहिली आहेत.

उतरव (संख्या क) = टेल [पुश क]
उतरव (बेरीज डा उ) = उतरव डा >> उतरव उ >> टेल [ॲड]

हाताने लिहिलेल्या पदावल्यांवर हा कोड निर्वेधपणे चालतो. अडचण येते ती दुसऱ्या एका प्रोग्रामने निर्माण केलेल्या पदावल्यांवर, कारण त्यांत हजारो पदे कंसांशिवाय एकापुढे एक बेरजेने जोडलेली असतात. तेथे पदांची संख्या दुप्पट केली की वेळ जवळपास चौपट होतो. जीएचसी या हॅस्केल कंपायलरचे ऑप्टिमायझेशन 'ओ-२' या पातळीपर्यंत नेले, तेव्हा एकूण वेळ थोडा उतरला, पण वाढीचा हा प्रकार बदलला नाही. प्रोफाइलरच्या (कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या साधनाच्या) अहवालात बहुतेक सगळा वेळ '++' या दोन लिस्ट जोडणाऱ्या ऑपरेटरच्या नावावर दिसतो.

शोध घेताना दोन उपाय वारंवार समोर आले: डिफरन्स लिस्ट आणि कोडेन्सिटी मोनाड. दोन्हींमागची कल्पना एकच आहे असे ठिकठिकाणी म्हटलेले आढळते, परंतु माझ्या कोडला त्यांपैकी कोणता उपाय लागू पडतो आणि का, हे मला उलगडलेले नाही. मोनाडचे आवरण काढून साधी फंक्शन्स लिहिणे हाच खरा मार्ग आहे का, असाही प्रश्न मनात आहे. पण पुढे त्रुटींची नोंद आणि चलांचे पत्ते हेही याच टप्प्यात सांभाळायचे असल्यामुळे शक्यतो मोनाड सोडण्याची माझी इच्छा नाही.

सह्यकडा यांचे उत्तर

वेळ मोनाडमध्ये जात नसून त्याच्या खाली असलेल्या '++' मध्ये जातो आहे, हे तुमच्या प्रोफाइलरनेच सांगितले आहे. तो नेमका किती जातो हे कागदावर मोजता येते, आणि ते मोजले की उपाय आपोआप दिसू लागतो.

'क ++ ख' करताना 'ख' जशीच्या तशी वापरली जाते, पण 'क' चा प्रत्येक सेल (एका घटकाचा दुवा) नव्याने तयार करावा लागतो. म्हणजे जोडणीचा खर्च फक्त डाव्या लिस्टच्या लांबीवर ठरतो. तुमच्या पदावलीत कंस नसल्यामुळे पार्सर तिचे झाड डावीकडे झुकलेले बनवतो: सगळ्यांत वरच्या बेरजेची उजवी फांदी हे शेवटचे एकटे पद असते आणि उरलेले सर्व काही डाव्या फांदीत असते. पदांची संख्या 'न' धरली तर पदावलीचे एकूण २न − १ निर्देश होतात. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक बेरजेपाशी डाव्या फांदीचे सगळे निर्देश एकदा उजव्या फांदीला जोडताना आणि पुन्हा एकदा 'ॲड' ला जोडताना नकलले जातात. सगळ्या पातळ्यांची बेरीज केली तर (२न − १)(न − १) इतक्या सेलच्या नकला होतात. १०,००० पदांसाठी हा आकडा १९,९९,७०,००१ येतो, आणि हे सारे अवघ्या १९,९९९ निर्देशांसाठी! हॅस्केल लेझी (मूल्य लागेल तेव्हाच काढणारी) असल्यामुळे हा खर्च लगेच न होता निर्देश प्रत्यक्ष मागितले जातात तेव्हा होतो, पण शेवटी सगळे निर्देश लागणारच असल्यामुळे एकूण रकमेत सूट मिळत नाही.

यातली डावी लिस्ट दोनदा नकलली जाते ती '>>' हा पायऱ्या जोडणारा ऑपरेटर डावीकडून कंस धरतो म्हणून. त्याच तीन पायऱ्या डू-नोटेशनमध्ये (एकाखाली एक लिहिण्याच्या पद्धतीत) लिहिल्या तर कंस उजवीकडून पडतात आणि नकलांची संख्या न(न − १) म्हणजे ९,९९,९०,००० वर येते. मोनाडचा सहयोगाचा नियम सांगतो की कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच. खर्चाबद्दल मात्र तो नियम अवाक्षर काढत नाही. '++' ला हॅस्केलमध्ये मुद्दाम उजवीकडून कंस धरणारा ऑपरेटर केले आहे ते याच कारणासाठी. रायटरच्या आड गेल्यावर मात्र '++' चे कंस मोनाडच्या कंसांवरून ठरतात आणि लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत.

तरीही डू-नोटेशनने फक्त निम्मा खर्च वाचला. वाढ वर्गाच्याच प्रमाणात राहिली. झाड उजवीकडे झुकवूनही सुटका नाही, कारण 'ॲड' शेवटी येत असल्यामुळे उजव्या फांदीची संपूर्ण लिस्ट त्याच्या डाव्या हाताला येते आणि तितकीच नकलली जाते. समतोल झाडात प्रत्येक निर्देश त्याच्या खोलीच्या प्रमाणातच नकलला जातो, म्हणून हाताने लिहिलेल्या पदावल्यांवर हा दोष तुम्हाला जाणवला नाही.

'ओ-२' चा उपयोग का झाला नाही, हेही यातच आले. मधल्या लिस्टा टाळण्यासाठी जीएचसी फोल्डआर (लिस्ट वापरणारे फंक्शन) आणि बिल्ड (लिस्ट तयार करणारे फंक्शन) यांची जोडी वापरते. ही पद्धत गिल, लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी १९९३ साली मांडली. पण स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन कंपायलर इनलाइन करीत नाही (हाक मारण्याच्या जागी त्याचा कोडच घालत नाही), त्यामुळे तुमच्या 'उतरव' मधून बाहेर पडणारी लिस्ट आणि वरच्या पातळीवरची '++' यांची गाठ कंपायलरसमोर कधी पडतच नाही.

आता उपाय. लिस्टऐवजी 'उरलेली लिस्ट द्या, मी माझे घटक तिच्यापुढे लावून देतो' असे फंक्शन साठवावे. यालाच डिफरन्स लिस्ट म्हणतात.

रिकामी = (\शेष -> शेष)
एकटा क = (\शेष -> क : शेष)
जोड फ ग = (\शेष -> फ (ग शेष))

जोडणी म्हणजे येथे दोन फंक्शन्सचे संयोजन, आणि तिचा खर्च दोन्ही बाजू कितीही लांब असल्या तरी स्थिर राहतो. शेवटी एकदाच '[]' पुरवायची, की संयोजन उलगडत जाते आणि प्रत्येक घटक नेमका एकदाच तयार होतो. कंस डावीकडे असोत वा उजवीकडे, एकूण काम न च्या प्रमाणातच होते. जॉन ह्यूज यांनी १९८६ साली लिस्टचे हे रूप फंक्शनल भाषांसाठी मांडले; प्रोलॉगमध्ये तशीच कल्पना त्याआधीपासून वापरात होती. हॅस्केल वापरणाऱ्या प्रत्येकाने ती नकळत हाताळलेली असते, कारण मूल्याचा मजकूर करणाऱ्या 'शो' वर्गातला 'शोएस' हा प्रकार म्हणजे अक्षरांची डिफरन्स लिस्टच आहे.

तुमच्या कोडमध्ये यासाठी फारसे काही बदलावे लागणार नाही. रायटरला लिस्टऐवजी 'डीलिस्ट' पॅकेजमधला प्रकार द्या, 'टेल' मध्ये एकटा घटक त्या रूपात पाठवा आणि शेवटी एकदा लिस्टमध्ये रूपांतर करा. 'उतरव' च्या रचनेला हात लागत नाही. मोनाडच्या अमूर्तीकरणाचा येथला खरा फायदा मला हाच वाटतो: वेग ते स्वतः देत नाही, पण खालचे रूप बदलण्याची मोकळीक देते.

कोडेन्सिटी हीच युक्ती एक मजला वर नेते. डिफरन्स लिस्ट '++' चे कंस सरळ करते, तर कोडेन्सिटी बाइंड या मोनाडच्या पायऱ्या जोडणाऱ्या क्रियेचे, म्हणजे '>>=' चे, कंस सरळ करते; प्रत्येक मोनाडी मूल्याऐवजी 'पुढे काय करायचे ते सांगा' असे विचारणारे फंक्शन ती साठवते. ज्या मोनाडमध्ये बाइंडलाच डाव्या बाजूचा सगळा ढाचा चालत जावा लागतो, तेथे तिचा उपयोग होतो, आणि फ्री मोनाड (पायऱ्या झाडाच्या रूपात साठवून ठेवणारा मोनाड) हे त्याचे ठळक उदाहरण. यानिस फोइग्टलेंडर यांनी २००८ साली नेमके फ्री मोनाडवरच हे दाखवून दिले. तुमच्या रायटरमध्ये बाइंड स्वतः स्वस्त आहे, महाग आहे ती त्यातली जोडणी. म्हणून तुमच्यासाठी डिफरन्स लिस्ट पुरेशी आहे. येथे कोडेन्सिटी आणली तर दोन मजल्यांपैकी नको तो मजला दुरुस्त केल्यासारखे होईल.

एकरेषीय यांचे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्नातला शेवटचा भाग, म्हणजे मोनाड सोडावा का, हा इतक्या लवकर बाजूला सारू नये. या टप्प्यात खरोखर फक्त निर्देश गोळा करायचे असतील, तर 'शेष' हा जास्तीचा आर्ग्युमेंट घेणारे साधे फंक्शन पुरते:

उतरव (संख्या क) शेष = पुश क : शेष
उतरव (बेरीज डा उ) शेष = उतरव डा (उतरव उ (ॲड : शेष))

ही डिफरन्स लिस्टच आहे, फक्त तिच्यासाठी वेगळा प्रकार, वेगळे पॅकेज किंवा मोनाड लागलेला नाही. मध्ये संयोजनाची फंक्शन्स तयार करून साठवावी लागत नाहीत, त्यामुळे मेमरीवरचा भारही कमी पडतो. त्रुटींची नोंद आणि पत्ते आल्यावर मोनाड घ्यावा लागेल हे मान्य. पण त्या गोष्टी याच फेरीत कराव्या लागतात का, हे आधी तपासावे. चलांचे पत्ते ठरवण्याची फेरी निर्देशांच्या आधी स्वतंत्रपणे केली, तर निर्देशांची फेरी बहुतेक वेळा इतकीच साधी उरते.

अक्षरगणक

दोघांचेही आभार. डिफरन्स लिस्ट घातल्यावर वेळ पदांच्या संख्येच्या प्रमाणात वाढू लागला आहे. फेऱ्या वेगळ्या करण्याचा विचारही पटला, पण त्रुटींची नोंद याच फेरीत ठेवणे मला भाग आहे.

दोन उपप्रश्न आहेत. एका सहकाऱ्याच्या मते नेहमीचा रायटर मेमरी अडवून ठेवतो, म्हणून 'ट्रान्सफॉर्मर्स' पॅकेजमधला सीपीएस (कंटिन्युएशन-पासिंग स्टाइल) रायटर वापरावा. तसे केले तर डिफरन्स लिस्टची गरज उरते का? दुसरे म्हणजे, निर्देश देतानाच मला एक छोटी सुधारणा करायची आहे: 'ॲड' देण्याच्या वेळी शेवटचा निर्देश 'पुश ०' असेल तर तो काढून टाकायचा आणि 'ॲड' ही द्यायचा नाही. यासाठी आतापर्यंत गोळा झालेल्या लिस्टचे शेवटचे टोक पाहावे लागेल.

तळटीप यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की सीपीएस रायटर घेतला तर डिफरन्स लिस्टची गरज उलट वाढते. त्या रायटरची रचना स्टेट मोनाडसारखी (बदलती स्थिती एका पायरीकडून पुढच्या पायरीकडे नेणाऱ्या मोनाडसारखी) आहे: आतापर्यंतचा साठा हातात घेऊन पुढे जायचे आणि प्रत्येक 'टेल' ला 'साठा <> नवे' असे करायचे. त्यामुळे साठा नेहमी डाव्या हाताला असतो. तुम्ही कोडमध्ये कंस कसेही घाला, साध्या लिस्टवरची जोडणी (([] ++ क) ++ ख) ++ ग अशीच होणार. नेहमीच्या रायटरमध्ये सरळ फेरा मारून एकेक घटक नोंदवला तर काम प्रमाणातच राहते. तोच फेरा सीपीएस रायटरमध्ये साध्या लिस्टसह चालवला की वर्गाच्या प्रमाणात जातो. बेरीज किंवा मोजणी गोळा करायची असेल तर तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला अगदी रास्त आहे, कारण नेहमीचा रायटर अशा वेळी न केलेल्या बेरजांची लांबलचक साखळी मेमरीत धरून ठेवतो आणि सीपीएस रायटर साठा प्रत्येक पायरीला उलगडत नेतो. लिस्टसाठी मात्र तो सल्ला अर्धाच लागू पडतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. लेझी रायटर आणि डिफरन्स लिस्ट यांच्या जोडीत, सगळे झाड पालथे घालण्यापूर्वीच पहिले निर्देश बाहेर पडू शकतात. सीपीएस रूपात संपूर्ण फेरी झाल्याशिवाय काहीच हाती येत नाही. तुम्ही निर्देश थेट फाइलमध्ये लिहीत असाल तर हा फरक मेमरीच्या वापरात दिसून येईल.

दुसऱ्या प्रश्नात डिफरन्स लिस्टची मर्यादा येते. ती जोडण्यासाठी उत्तम आहे, पाहण्यासाठी नाही. तिचे शेवटचे टोक पाहायचे तर आधी '[]' पुरवून पूर्ण लिस्ट करावी लागते आणि मग टोकापर्यंत चालत जावे लागते. प्रत्येक 'ॲड' पाशी असे केले की आपण पुन्हा वर्गाच्या प्रमाणाकडे परतलो. कोडेन्सिटीचेही तसेच आहे: बांधणे आणि आत डोकावणे हे जेथे आळीपाळीने होते, तेथे प्रत्येक डोकावण्यापाशी मूळ रूपात परत यावे लागते. याच अडचणीवर अत्से फान डर प्लुख आणि ओलेग किसेल्योव यांनी २०१४ साली बाइंडची साखळी एका कार्यक्षम रांगेत ठेवण्याचा मार्ग दाखवला. तो वाचनीय आहे, पण तुमच्या कामासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही.

तुम्हाला एकच टोक हवे आहे आणि जोडणीही त्याच टोकाला करायची आहे. मग स्टेट मोनाडमध्ये निर्देश उलट्या क्रमाने ठेवावेत. नवा निर्देश ':' ने पुढे लावायचा. शेवटी दिलेला निर्देश नेहमी लिस्टच्या डोक्यावर असतो, त्यामुळे तो पाहणे आणि काढणे दोन्ही स्थिर खर्चात होतात. संपूर्ण फेरी झाल्यावर 'रिव्हर्स' एकदाच करावे, जे लांबीच्या प्रमाणात होते. 'ॲड' देण्याच्या ठिकाणी फक्त एवढे बदलते:

जर डोके 'पुश ०' असेल तर: साठा = शेपूट
नाहीतर: साठा = ॲड : साठा

ही सुधारणा बिनधोक आहे. 'ॲड' च्या लगेच आधी उजव्या फांदीचे निर्देश संपलेले असतात, आणि ज्या फांदीचे निर्देश 'पुश' ने संपतात ती फांदी म्हणजे तो एकटा 'पुश' च असतो. मध्ये दुसरे काही असते तर ती 'ॲड' ने संपली असती. पुढे भाषेत उडी मारणारे निर्देश आले की हा युक्तिवाद नव्याने तपासावा लागेल, कारण तेव्हा एखादी उडी त्या 'ॲड' च्या नेमक्या आधीच्या जागी येऊन पोचू शकते.

दोन्ही टोके लागत असतील, किंवा मधले तुकडे वेगवेगळे तयार करून मग जोडायचे असतील, तर 'कंटेनर्स' पॅकेजमधली सीक्वेन्स घ्यावी. ती हिन्झ आणि पॅटरसन यांच्या २००६ सालच्या फिंगर ट्रीवर उभी आहे: टोकाची क्रिया सरासरीने स्थिर खर्चात होते आणि दोन सीक्वेन्स जोडण्याचा खर्च त्यांतल्या लहान सीक्वेन्सच्या लांबीच्या लॉगॅरिदमइतका असतो. साध्या लिस्टच्या तुलनेत प्रत्येक घटकामागे थोडा जास्त भार पडतो, म्हणून गरज नसताना ती घेऊ नये.

सह्यकडा

तळटीप यांच्या उत्तराला एक व्यावहारिक पुरवणी जोडतो. डिफरन्स लिस्टवरून स्टेटवर जाताना 'उतरव' पुन्हा लिहावे लागू नये, यासाठी 'निर्देश दे' एवढीच क्रिया असलेला स्वतःचा छोटा टाइप क्लास (क्रियांची यादी, जी प्रत्येक प्रकार आपापल्या इन्स्टन्समध्ये पुरवतो) करावा आणि 'उतरव' हे त्या क्लासमधल्या कोणत्याही मोनाडसाठी लिहावे. 'पुश ०' ची सुधारणा मग स्टेटच्या इन्स्टन्समध्ये राहते, आणि चाचण्यांसाठी तेच 'उतरव' डिफरन्स लिस्टवर सुधारणेविना वापरून, दोन्हींचे निर्देश चालवून त्यांची उत्तरे ताडून पाहता येतात.

या सोयीची किंमत मात्र आहे. कोणत्याही मोनाडसाठी चालणारा कोड जीएचसी क्लासच्या क्रियांचा कोश बरोबर पाठवून चालवते, आणि मग प्रत्येक '>>=' हा त्या कोशातून शोधून केलेला अनोळखी फंक्शनचा कॉल ठरतो; तो इनलाइन होत नाही आणि मधली मूल्ये मेमरीत तयार होत राहतात. 'उतरव' एका मॉड्यूलमध्ये आणि त्याचा वापर दुसऱ्यात असेल तर हे हमखास घडते. यासाठी फंक्शनवर 'इनलाइनेबल' ही सूचना लिहावी, किंवा 'स्पेशलाइज' लिहून नेमका मोनाड सांगावा, म्हणजे त्या मोनाडसाठी वेगळी प्रत तयार होते. ही सूचना देण्यापूर्वी आणि नंतर, '+आरटीएस -एस' लावून एकूण किती मेमरी वाटप झाले याचा आकडा पाहावा. वेळेचा आकडा यंत्रावरच्या इतर कामांमुळे हलतो, वाटपाचा जवळपास हलत नाही, त्यामुळे सूचनेचा परिणाम झाला की नाही हे तेथे लगेच कळते.